पीएस ५ की पीसी? आधी चौथी जागा भरू

पत्र

नमस्कार दादा,
मी सांगलीचा, वय २७. कॉलेजचे आम्ही चौघे मित्र आता चार गावांत पांगलो आहोत. पुण्यातल्याकडे पीएस ५ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) आहे, बंगळुरूवाल्याकडे गेमिंग पीसी आणि शारजातल्याकडे एक्सबॉक्स सिरीज एक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कन्सोल. तिघं दर शनिवारी रात्री 'हेलडायव्हर्स २' खेळतात. चौघांनी मिळून शत्रूच्या झुंडींशी लढायचा ऑनलाइन खेळ आहे, म्हणून एक जागा माझ्यासाठी रिकामी ठेवतात. मी सत्तर हजार साठवलेत. पुणेकर म्हणतो, डोळे झाकून पीएस ५ घे. बंगळुरूवाला म्हणतो, माउसशिवाय शूटर (नेमबाजीचा खेळ) खेळणं म्हणजे पाप. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे (जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी), पण तो आता कामाचा नाही असं दोघंही म्हणतात. टीव्ही हॉलमध्ये आहे. घरात आई-बाबा आणि दहावीतला धाकटा भाऊ. बाबा म्हणतात, "घ्यायचंच तर कॉम्प्युटर घे, कशाला तरी उपयोगी पडेल." काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर

दादा म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती रिकामी ठेवलेली जागा. नोकरीला लागल्यावर पाच-सहा वर्षांत कॉलेजचे मित्र वाढदिवसाच्या मेसेजपुरते उरतात. तुझे तिघं दर आठवड्याला तुझी वाट बघताहेत. म्हणून ती जागा लवकरात लवकर कशी भरेल ते आधी बघू, सत्तर हजारांचं नंतर. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो: आत्ता काहीच यंत्र घेऊ नकोस. स्टीमवर (पीसीच्या खेळांचं ऑनलाइन दुकान) फक्त गेम घे आणि ज्या लॅपटॉपला दोघांनी नावं ठेवली त्याच्यावरच चालवून बघ.

हे का, ते आता सविस्तर.

कोणाचं यंत्र कोणतं हा प्रश्न या खेळापुरता सुटलेला आहे. 'हेलडायव्हर्स २' स्टॉकहोमच्या ॲरोहेड गेम स्टुडिओजनं केला आणि सोनीनं बाजारात आणला. ८ फेब्रुवारी २०२४ ला तो पीएस ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि पहिल्या दिवसापासून दोन्हीकडचे लोक एकाच मोहिमेत उतरू शकत होते. एक्सबॉक्सवर यायला त्याला २६ ऑगस्ट २०२५ उजाडला. त्याआधी तुमच्या शारजावाल्याला त्याच्या एक्सबॉक्सवरून यात येताच आलं नसतं. आज तिन्हीकडचे खेळाडू एकाच आकाशगंगेतलं एकच युद्ध लढतात. पुण्यात जिंकलेली मोहीम आणि शारजात जिंकलेली मोहीम एकाच हिशेबात जमा होते. वेगळ्या यंत्रावरच्या मित्राला जोडायला खेळातच फ्रेंड कोड मिळतो, तो एकमेकांना पाठवला की झालं. त्यामुळे "आमच्याकडे आहे तेच तू घे" हा आग्रह इथे लागू होत नाही.

मात्र हा न्याय सगळ्या खेळांना लावू नकोस, कारण इथेच अनेकांचे पैसे अडकतात. उदाहरण म्हणून 'डीप रॉक गॅलॅक्टिक' घे. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा, खाणीत उतरणाऱ्या चार बुटक्यांचा हा खेळ माझ्या मते मित्रांसोबत खेळण्याच्या सर्वोत्तम शूटरपैकी आहे. पण त्यात एक्सबॉक्सवाल्यांना फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या पीसी आवृत्तीचे लोक भेटतात. स्टीमवर घेतलं तर स्टीमवालेच भेटतात आणि प्लेस्टेशनवाल्यांचं जग निराळं. तुमच्या तिघांकडची आजची यंत्रं धरली तर तो खेळ तुम्हाला एकत्र खेळताच येणार नाही, तू काहीही घेतलंस तरी. म्हणून कुठलंही यंत्र घेण्याआधी चौघांनी बसून पुढच्या वर्षभरात खेळायचे तीन-चार खेळ ठरवा आणि प्रत्येकाचं क्रॉसप्ले (वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळणं) कोणाकोणात चालतं ते तपासा. ती यादी यंत्राच्या निर्णयावर पुणे-बंगळुरूच्या भांडणापेक्षा जास्त प्रकाश टाकेल.

आता माउसबद्दल. बंगळुरूवाल्याचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या जातीच्या खेळाचं आहे. समोर माणूस असेल, 'व्हॅलोरंट'सारखा खेळ असेल, तर नेमबाजीतला केसाएवढा फरक सामना फिरवतो. सहकार्याच्या शूटरमध्ये समोर माणूस नसतो. टर्मिनिड किडे असतात, ऑटोमॅटन यंत्रमानव असतात, इल्युमिनेट नावाचे परग्रहवासी असतात आणि तेही झुंडीनं. तिथे अचूक नेमापेक्षा आपला मित्र कुठे उभा आहे हे माहीत असणं मोठं, कारण या खेळात आपली गोळी आपल्याच माणसाला लागते आणि ते बंद करायची सोय नाही. शिवाय लढाईचं अर्धं काम बाणांच्या क्रमानं होतं. मेलेल्या साथीदाराला परत बोलवायचं तर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. दारूगोळा मागवायचा तर खाली, खाली, वर, उजवीकडे. कंट्रोलरवर हे करताना डावा अंगठा चालण्याच्या स्टिकवरून उचलून बाणांवर न्यावा लागतो, म्हणजे त्या क्षणी तू एका जागी उभा. कीबोर्डवर मुळात कंट्रोलची कळ दाबून डब्ल्यू-ए-एस-डीनं क्रम टाकायचा असतो, तिथेही पाय थांबतात. पण सेटिंगमध्ये जाऊन हे काम बाणांच्या कळांवर टाकलंस तर पळता पळता क्रम टाकता येतो, फक्त तेवढा वेळ उजवा हात माउसवरून सुटतो. पीसीचा मला यात दिसणारा खरा फायदा हा आहे. उलट पीएस ५ च्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक बंदुकीचा ट्रिगर बोटाला वेगळा जाणवतो, ती मजा माउसला नाही. आणि कंट्रोलर आवडलाच तर तो लॅपटॉपलाही जोडता येतो. या मुद्द्यावर भांडायला फारसं काही उरत नाही.

मी जास्त वेळ विचार केला तो तुमच्या हॉलचा.

हा खेळ थांबवता येत नाही. पॉज नाही. मोठी मोहीम चाळीस मिनिटांची असते आणि वरच्या पातळ्यांवर अशा तीन मोहिमा पार पाडल्या की एक ऑपरेशन पूर्ण होतं. शनिवारी रात्री साडेनऊला टीव्ही कोणाचा असतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आई मालिका बघत असेल, बाबा बातम्या. पहिले दोन आठवडे ते कौतुकानं उठून आत जातील, तिसऱ्या आठवड्यापासून तुला अपराधी वाटायला लागेल. त्यात दहावीतला भाऊ तिथेच अभ्यासाला बसणार आणि तू मोठ्यानं "रीलोड कर, मागे बघ" म्हणणार. पीएस ५ घ्यायचा तर त्याच्यासोबत तुझ्या खोलीत एक मॉनिटर किंवा छोटा टीव्ही धरायलाच हवा, आणि पुणेकराच्या हिशेबात तो नसणार. शारजा आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेदहा, तेव्हा तुमचा खेळ उशिरापर्यंत चालणार हे गृहीत धर. अशा वेळी आतल्या खोलीत हेडफोन लावून लॅपटॉपवर बसणं घरातल्या सगळ्यांनाच सोपं जाईल.

आता पैशांकडे येऊ. एप्रिल २०२४ मध्ये भारतात पीएस ५ स्लिम आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० होती आणि बिनडिस्कवाल्याची ४४,९९०. आजची किंमत दुकानात विचार. पण कन्सोलचा खर्च तिथे संपत नाही, कारण विकत घेतलेला खेळ ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लसची वर्गणी भरावीच लागते. २०२२ मध्ये तिच्या सगळ्यात खालच्या योजनेचे वर्षाला २,९९९ रुपये होते, सप्टेंबर २०२३ पासून ३,९४९ झाले. त्याच दरानं धरलं तरी पाच वर्षांचे जवळपास वीस हजार. एक्सबॉक्सलाही अशीच वर्गणी आहे. पीसीवर ती नाही. फुकट मिळणाऱ्या खेळांना कन्सोलवरही ही वर्गणी लागत नाही, पण 'हेलडायव्हर्स २' त्यात येत नाही.

कन्सोलच्या बाजूनं एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. डिस्क विकता येते, उसनी देता येते. पुण्यात तर जुन्या डिस्कची देवघेव चांगली चालते. स्टीमवर घेतलेला खेळ तुझ्या खात्याला कायमचा चिकटतो. पण तुम्हाला जो खेळ वर्षभर खेळायचाय त्याची डिस्क विकायचा प्रश्न येत नाही, म्हणून तुझ्या बाबतीत या मुद्द्याला मी फार वजन देत नाही.

आणि नवा डेस्कटॉप? सत्तर हजारांत चांगला पीसी बसवता येतो, असं बंगळुरूवाला त्याच्या वेळच्या भावावरून सांगत असेल. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्यानं वर गेले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची प्रचंड मागणी आहे आणि त्याची झळ घरगुती ग्राहकाला बसते आहे. एसएसडीही महागल्या. मॉनिटर आणि यूपीएस धरून हिशेब केलास तर आज सत्तर हजारांत तुला तडजोडीचाच पीसी मिळेल. गरज नसताना अशा वेळी डेस्कटॉप बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून परत लॅपटॉप. खेळाची किमान अट बघ: जीटीएक्स १०५० टीआय आणि ८ जीबी रॅम, सोबत २०१४ च्या आय ७-४७९० केच्या तोडीचा प्रोसेसर. तुझं १६५० हे १०५० टीआयपेक्षा वरचं आहे. प्रोसेसर तू लिहिला नाहीस, पण १६५० असलेल्या लॅपटॉपमध्ये सहसा नवव्या-दहाव्या पिढीचा आय ५ किंवा त्या बरोबरीचा रायझन असतो आणि तो चालून जातो. शिफारस आहे ती आरटीएक्स २०६० आणि १६ जीबीची, तिथे तू पोचत नाहीस. म्हणजे खेळ देखणा दिसणार नाही. सेटिंग सगळ्यात खाली, रेंडर स्केल (चित्राची बारकाई) उतरवलेला आणि झुंड अंगावर आली की चित्र थोडं अडखळेल, कारण हा खेळ प्रोसेसरलाही दमवतो. पण तू मोहिमेत असशील.

एक खर्च मात्र कर, रॅमचा. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच भरलेला असेल तर तशीच ८ जीबीची दुसरी पट्टी घाल. महागली असली तरी नव्या यंत्रापुढे ती किंमत किरकोळ आहे, आणि दोन पट्ट्या जोडीनं चालल्या की अडखळणं बरंच कमी होतं. जाता जाता दुकानदाराकडून पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घे. सांगलीच्या उन्हाळ्यात गेमिंग लॅपटॉप तापला की स्वतःहून वेग कमी करतो आणि लोक समजतात यंत्र म्हातारं झालं. डिस्कच्या जागेची काळजी नको. पीसीवर हा खेळ पूर्वी दीडशे जीबीच्या घरात गेला होता, कारण जुन्या हार्ड डिस्कवर लवकर उघडावा म्हणून तोच डेटा अनेक ठिकाणी ठेवलेला असे. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी सुमारे २३ जीबीची सडपातळ आवृत्ती आणली.

आणि हे सगळं करून बघायला तुझं जवळजवळ काहीच जात नाही. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत. सुरुवातीचं प्रशिक्षण उरकून मित्रांसोबत एक मोठी मोहीम या दोन तासांत आरामात बसते. चाललं तर ठेव, नाही चाललं तर परत कर. पीएस स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केलं की ही मुभा राहत नाही.

दोन धोके सांगून ठेवतो. पहिला, या खेळात प्रगती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. उद्या पीएस ५ घेतलास तर गेम पुन्हा विकत घ्यायचा आणि पहिल्या पातळीपासून चढायचं. मला हे चुकीचं धोरण वाटतं, तिन्हीकडच्या खेळाडूंना एकत्र आणणाऱ्या खेळानं एवढं करायला हवं होतं. पण आज परिस्थिती ही आहे. दुसरा, पीसीवर याच्यासोबत गेमगार्ड नावाचं फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर येतं आणि ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतं. लॅपटॉप तुझा स्वतःचा असेल तर हरकत नाही. कंपनीचा असेल किंवा त्यावर ऑफिसचं काम करत असशील, तर ऑफिसला विचारल्याशिवाय टाकू नकोस.

पीएसएनच्या (सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कच्या) खात्याबद्दलही कोणीतरी तुला घाबरवेल. मे २०२४ मध्ये सोनीनं स्टीमवाल्यांना ते सक्तीचं करायचं ठरवलं होतं. जगभरच्या खेळाडूंनी असा काही विरोध केला की तीन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. तुला ते खातं उघडायची गरज नाही.

मग पीएस ५ कधी घ्यावा? लॅपटॉप खरोखरच तोंडघशी पडला आणि तुझ्या खोलीत पडद्याची सोय झाली तर जरूर घे. काही ट्यून करावं लागत नाही, ड्रायव्हर नाहीत, उघडलं की खेळ सुरू. ऑफिसातून थकून येणाऱ्याला याची किंमत कळते. किंवा भावासोबत एका सोफ्यावर बसून खेळायची तुझी इच्छा असेल तर. 'हेलडायव्हर्स २' मध्ये पडदा दोघांत वाटता येत नाही, पण 'बॉर्डरलँड्स ३' सारख्या खेळात येतो, आणि तोही कन्सोलवरच, पीसीच्या आवृत्तीत ती सोय दिलेली नाही. शिवाय पीएस ५ वर घरातलं एक खातं वर्गणीदार असलं की त्याच यंत्रावर दुसऱ्याचं खातंही ऑनलाइन खेळू शकतं. दोन भावांच्या घरात ही मोठी बचत आहे.

पण हा विचार भावाची दहावी झाल्यावर कर. 'हेलडायव्हर्स २' अमेरिकेत सतरा वर्षांपुढच्यांसाठी आणि युरोपात अठरापुढच्यांसाठी म्हणून प्रमाणित आहे, आणि ते योग्यच आहे. हात-पाय तुटतात, रक्त उडतं. पंधरा-सोळाच्या मुलाला शेजारी बसवून हा खेळ खेळू नकोस, तो कितीही गयावया करू दे. परीक्षेच्या वर्षी हॉलमध्ये नवा कन्सोल आणून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

बाबांना सांग की त्यांचं म्हणणं ऐकलं आहे. कॉम्प्युटर घरात आहेच, तो आणखी दोन वर्षं चालवतोय. त्यांच्या म्हणण्यातला मला पटलेला भाग एवढाच की सत्तर हजार ही छोटी रक्कम नाही. ते मुदत ठेवीत टाक. रॅमचे भाव उतरले की डेस्कटॉपचा विचार करता येईल, तोवर तुलाही कळलेलं असेल की शनिवारचा खेळ टिकतोय की दोन महिन्यांत सगळ्यांचा उत्साह ओसरतोय.

शेवटचं, इंटरनेटचं. या खेळात मोहीम खेळाडूंपैकीच एकाच्या यंत्रावरून चालते आणि बाकीचे त्याला जोडले जातात. म्हणून यजमान कोण हे महत्त्वाचं. चौघांत ज्याचं फायबर सगळ्यात स्थिर त्यानं लॉबी उघडावी, बहुधा बंगळुरूवाला. तुझं कनेक्शन सिम-कार्डवालं किंवा एअरफायबर असेल तर अनेक घरं मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरत असतात आणि मग कधी कधी मित्रांशी जोडणीच होत नाही. तसं झालं तर कंपनीला स्वतंत्र पब्लिक आयपी मागून बघ, काही कंपन्या थोडे पैसे घेऊन देतात. वायफायऐवजी राउटरपासून लॅनची वायर ओढ. राउटरला छोटा यूपीएस लाव, लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर मंदावेल पण मोहिमेतून बाहेर फेकला जाणार नाहीस. बोलण्यासाठी डिस्कॉर्ड ठेवा, ते पुणेकराच्या पीएस ५ वर आणि शारजावाल्याच्या एक्सबॉक्सवरही चालतं. शुक्रवारी रात्री डाउनलोड लाव, प्रशिक्षण संपव आणि तिघांना फ्रेंड कोड पाठवून दे.